तुकड्यांचा पाट दर वर्षी का फाटतो? उरलेलं लाकूड, बडोद्याची हवा आणि दुरुस्ती

तक्रार साधारण अशी असते. वर्कशॉपमध्ये उरलेल्या सागाच्या पट्ट्या, पॅकिंगच्या पेटीतलं पाईन, कुणाच्या तरी जुन्या दाराचा तुकडा असं सगळं जोडून एखादा पाट नाहीतर ट्रे केला. घासला, पॉलिश केलं, घरी कौतुकही झालं. होळीच्या सुमाराला मधोमध बारीक भेग दिसली. तिच्यात भुसा आणि फेव्हिकॉल कालवून भरला, पुन्हा घासलं. पावसाळ्यात पाट डुगडुगायला लागला, आणि पुढच्या उन्हाळ्यात जुन्या भेगेला लागूनच नवी भेग पडली. एवढं झालं की बहुतेक जण गोंदाचा डबा बदलतात आणि तेच चक्र नव्या डब्यातून सुरू होतं.

गोंदाला दोष देण्याआधी भेग नीट बघा. ती सांध्यावरच आहे की सांध्याच्या शेजारी, लाकडात? लाकडातल्या तंतूंच्या रेषा एकमेकींना समांतर ठेवून, ताज्या रंधलेल्या कडा नीट दाबून जोडलेला सांधा जबरदस्तीने तोडायला गेलं तर बहुधा लाकूडच फाटतं, गोंद तसाच राहतो. तेव्हा भेग लाकडात असेल तर गोंद बिचारा निर्दोष आहे. लाकडाला हलायचं होतं आणि आपण त्याला बांधून ठेवलं, एवढाच त्याचा अर्थ.

हवा काय करते

झाड तोडून पन्नास वर्षं झाली तरी लाकूड हवेतली ओल घेत-सोडत राहतं. हवेतली आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकडातली ओल काही दिवसांनी सुमारे ६ टक्क्यांवर स्थिरावते. आर्द्रता ८० टक्के झाली की ती सुमारे १६ टक्क्यांपर्यंत चढते. आता आपलं बडोद्यातलं वर्ष आठवा. एप्रिल-मेच्या दुपारी ओठ फुटतात, आणि जुलै-ऑगस्टमध्ये मिठाच्या बरणीला पाणी सुटतं. घरात वापरात असलेल्या पातळ लाकडात या दोन टोकांमध्ये ८ टक्क्यांचा तरी फरक धरून चालावं.

ओल वाढली की लाकूड फुगतं, पण सगळीकडे सारखं नाही. लांबीत ते जवळजवळ हलतच नाही. रुंदीत हलतं, आणि तिथेही दोन दिशा वेगळ्या. ओल १ टक्का बदलली की साग वर्षवलयांच्या कडेकडेने जाणाऱ्या दिशेत सुमारे ०.१९ टक्के हलतो, गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेत सुमारे ०.१० टक्के. हिशेब केला तर साध्या चिरलेल्या ८ इंची सागाच्या फळीत मे ते ऑगस्ट जवळपास ३ मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणजे एक सूत. जिच्या टोकाला वलयं उभी दिसतात अशा फळीत अर्धं सूत. आणि साग हा या बाबतीत शांत स्वभावाचा आहे, पॅकिंगचं पाईन त्याच्यापेक्षा जास्त हलतं.

तुकड्यांच्या वस्तू जास्त फाटतात याचं कारण इथेच आहे. लातीवरून, म्हणजे लाकडाच्या वखारीतून, एक सलग फळी आणून टेबल करणाऱ्याकडे सगळं लाकूड एका जातीचं आणि बहुधा एकदम वाळलेलं असतं. ते फुगलं तरी एकत्र फुगतं. तुकड्यांच्या ढिगात एक पट्टी तीन वर्षं माळ्यावर वाळलेली, दुसरी गेल्या आठवड्यात ओल्या पेटीतून निघालेली, एकीची वलयं आडवी, दुसरीची उभी. गोंदाने त्यांना एकत्र बांधलं तरी त्यांची चाल वेगवेगळीच राहते.

पॉलिशने ओल थांबते असं समजू नका. पॉलिशने ती उशिरा पोचते, इतकंच. त्यातही वरची बाजू चकचकीत आणि खालची कोरी ठेवली तर खालून ओल भरभर जाते, वरून हळू, आणि पाट वाटीसारखा वळतो. डुगडुगण्याच्या निम्म्याअधिक तक्रारी खालच्या बाजूला दोन हात पॉलिश मारल्यावर पुढच्या पावसाळ्यात येत नाहीत, असं माझं निरीक्षण आहे. जे दिसत नाही तिथेही तेवढेच हात मारायचे. सुरुवात इथून करा, कारण याला खर्च नाही.

आधी महिना विचारा

कुणी फाटलेली वस्तू घेऊन आलं की माझा पहिला प्रश्न असतो: केली कधी, आणि फाटली कधी?

पावसाळ्यात केलेली वस्तू उन्हाळ्यात फाटते. फुगलेलं लाकूड आपण मापात बसवलेलं असतं. थंडी संपून कोरडी हवा आली की ते आकसतं, आणि कुठे अडकलेलं असेल तर तिथे भेग घेतं. मे महिन्यात केलेली वस्तू उलट वागते. ती जुलै-ऑगस्टमध्ये फुगते, फाटत नाही पण वाकते, कोपरे उचकटते, झाकणं अडकतात. आणि वस्तू केल्यावर दोन-तीन आठवड्यांत भेग पडली असेल तर ऋतूला सोडून द्या, लाकूडच ओलं होतं.

म्हणून एक साधी सवय लावा. वस्तू झाली की तळाला पेन्सिलीने महिना आणि वर्ष लिहा. दुरुस्तीच्या वेळी अर्धं निदान तिथेच होतं.

मग भेगेची जागा बघा

सगळ्यात जास्त फाटतो तो पाट. त्याची रचनाच बघा: दोन-तीन फळ्या जोडून वरचा भाग, आणि खाली आडव्या दोन पट्ट्या, ज्यांच्यावर तो उभा राहतो. फळ्यांच्या रेषा एका दिशेने, पट्ट्यांच्या काटकोनात. वरच्या फळ्या रुंदीत एक-दोन सूत हलणार, खालची पट्टी लांबीत हलणारच नाही. पट्टी पूर्ण लांबीभर गोंद लावून आणि वर चार स्क्रू मारून बसवली की फळ्यांना जायला जागा उरत नाही. उन्हाळ्यात त्या आकसायला बघतात, पट्टी सोडत नाही, मग सगळ्यात कमजोर जागी फाटतात.

दुरुस्ती अशी करा. पट्टी काढा. गोंद धरून बसला असेल तर पटाशीने हळूहळू सोडवा, पट्टी तुटली तर तुटू द्या. भेग साफ करून उघडा, आत गोंद घाला, क्लॅम्पने मिटवा. मिटतच नसेल तर जबरदस्ती करू नका. भेगेवर करवत फिरवून पाट सरळ दोन भागांत कापा, कडा रंधा आणि नव्याने जोडा. पाव इंच रुंदी जाईल, पण जुन्या भेगेचं दुखणं कायमचं जाईल. नंतर पट्टी परत लावताना गोंद फक्त मधल्या इंच-दीड इंचात. मधला स्क्रू घट्ट. टोकाकडच्या स्क्रूंची पट्टीतली भोकं लांबट करा, पाटाच्या रुंदीच्या दिशेने दोन सूत, खाली वॉशर घाला आणि स्क्रू इतकाच आवळा की पट्टी हातानं हलणार नाही. आता फळ्या मधून दोन्ही बाजूंना सरकू शकतात आणि पट्टी तरीही त्यांना सपाट धरून ठेवते.

भेगेत भुसा आणि गोंदाचा लगदा भरणं हा यातला सगळ्यात वाईट उपाय. उन्हाळ्यात रुंद झालेल्या भेगेत तो कडक होऊन बसतो. पावसाळ्यात लाकूड फुगून भेग मिटायला बघतं, तर मध्ये हा पाचरीसारखा अडतो, आणि लाकूड शेजारी दुसरीकडे चिरतं. दरवर्षी नवी भेग का पडते याचं उत्तर बऱ्याचदा मागच्या वर्षीच्या लगद्यात असतं. शिवाय तो पॉलिश धरत नाही, डाग तसाच दिसत राहतो.

ट्रेचं दुखणं पाटाचंच भावंड आहे. चौकटीत खाली भरीव लाकडाचा तळ चारही बाजूंनी गोंदवला की तो एकतर फाटतो नाहीतर चौकट फोडतो. बडोद्यातल्या मांडवीच्या आसपासच्या जुन्या घरांची दारं बघा. चौकटीच्या खाचेत पॅनेल नुसतं बसवलेलं असतं, त्याला गोंद नसतो, ते आत सरकायला मोकळं असतं. कित्येक उन्हाळे आणि कित्येक पावसाळे त्या दारांनी असेच काढले. ट्रेलाही तसंच करा: चौकटीच्या आत खाच पाडा, तळ खाचेपेक्षा रुंदीत सूतभर कमी ठेवा, गोंद लावू नका. तळ खडखडत असेल तर दोन्ही टोकांना रुंदीच्या बरोबर मध्यावर एकेक बारीक खिळा मारा. किंवा सरळ तळाला प्लायवूड घाला. प्लायचे थर एकमेकांना काटकोनात असल्याने ते जवळपास हलतच नाही, त्याला चारही बाजूंनी गोंद चालतो. तुकड्यांच्या कामात हा सोपा मार्ग निवडण्यात लाज वाटायचं कारण नाही.

फोटोफ्रेमचा ४५ अंशांचा कोपरा उघडतो तेव्हा तो कुठून उघडलाय ते पाहा. आतल्या बाजूने फट असेल तर लाकूड आकसलंय, म्हणजे फ्रेम ओल्या दिवसांत केली होती. बाहेरच्या टोकाला फट असेल तर फुगलंय. फ्रेमची पट्टी जितकी रुंद तितकी ही फट मोठी. म्हणून उरलेल्या पट्ट्यांतून फ्रेम करायची तर इंचभर रुंदीच्याच वापरा आणि कोपऱ्यात तिरकी खाच पाडून प्लायची पातळ चीप घाला. तीन इंची पट्टीचा मायटर, म्हणजे हा ४५ अंशांचा सांधा, बडोद्यात वर्षभर मिटलेला राहील अशी अपेक्षा धरू नये.

टोकाला टोक जोडलेला सांधा सुटतो तो मात्र गोंदाच्याच कारणाने. टोकाच्या छेदातून लाकडाच्या नळ्या उघड्या असतात, त्या गोंद पिऊन टाकतात आणि सांध्यात काही उरतच नाही. पाणी घालून पातळ केलेला गोंद आधी छेदावर लावून पंधरा-वीस मिनिटं मुरू द्या, मग नेहमीचा गोंद. तरीही भार घेणाऱ्या जागी त्यावर भरवसा ठेवू नका, डॉवेल, म्हणजे गोल लाकडी खुंटी, घाला किंवा कूस (खाचेत बसणारी जीभ) काढा. सागात आणखी एक भानगड आहे: त्याच्या अंगातलं तेल पृष्ठभागावर येतं आणि गोंदाला धरू देत नाही. महिनाभर पडलेली कड तशीच जोडू नका. ताजी रंधा, थिनरने पुसा, वाळली की लगेच गोंद लावा.

चॉपिंग बोर्डवर बोट फिरवलं की सांध्यांची रांग हाताला लागते, तीही तक्रार नेहमीची. दोन कारणं. एक, वेगवेगळ्या जातींची लाकडं शेजारी आहेत आणि वेगवेगळी फुगतायत. ते सुंदर दिसतं खरं, काळपट शिसवाची पट्टी आणि मध्ये पिवळट पाईन, पण पाईनला स्वयंपाकघरात शिसवाशेजारी बसवू नका. दुसरं कारण घाईचं. गोंदातलं पाणी सांध्याजवळचं लाकूड फुगवतं. संध्याकाळी जोडून सकाळी घासलं की फुगलेलं लाकूड सपाट होतं, आणि ते वाळल्यावर तिथे खोलगट रेघ राहते. तीन-चार दिवस थांबा, पावसाळ्यात आठवडा.

आणि झाडाच्या फांदीच्या गोल चकत्या. पावसाळ्याआधी सोसायट्यांत आणि रस्त्याकडेला कडुनिंब-आंब्याच्या फांद्या छाटतात, कुणाला तरी त्यातून चहाच्या कपाखालच्या चकत्या सुचतात, आणि प्रत्येक चकतीला कडेपासून मध्यापर्यंत पाचरीच्या आकाराची फट पडते. हे टाळता येणं जवळजवळ अशक्य आहे. घेराच्या दिशेत लाकूड त्रिज्येच्या जवळपास दुप्पट आकसतं, त्यामुळे घेर कमी पडतो आणि कुठेतरी तुटावंच लागतं. हवं तर आधीच करवतीने मध्यापर्यंत एक काप घ्या, म्हणजे फट तुम्ही ठरवलेल्या जागी पडेल. किंवा फांदी तिरकी कापून लांबट चकत्या करा, त्या कमी फाटतात.

ढीग लावताना

तुकडे साठवायची इथली सर्वमान्य पद्धत म्हणजे रंगाचा रिकामा ड्रम. सगळं उभं कोंबून पार्किंगच्या कोपऱ्यात. खालची टोकं फरशीची ओल पितात, वरची वाळतात, आणि एकाच पट्टीत दोन ऋतू नांदतात. त्याऐवजी भिंतीला दोन कंस ठोकून तुकडे आडवे ठेवा, प्रत्येक थरामध्ये पातळ पट्ट्या घाला म्हणजे हवा खेळेल. तळमजल्यावर असाल तर जमिनीपासून जमेल तितकं उंच. विश्वामित्री नदीच्या काठच्या भागात राहणाऱ्यांना हे सांगायला नको.

ऑगस्ट २०२४ च्या पुरानंतर घरोघरची कपाटं आणि पलंग रस्त्यावर आले, आणि त्यातलं बरंच लाकूड लोकांनी उचलून ठेवलं. त्यातलं एमडीएफ (लाकडाचा बारीक भुसा दाबून केलेली फळी) काढून टाका, एकदा फुगलेलं एमडीएफ वाळलं तरी मूळ जाडीला येत नाही. साध्या प्लायचे थर सुटले असतील, टोकाला नखाने उचकून बघा. भरीव साग चांगला वाळवला तर कामाचा आहे, पण गटाराच्या पाण्यात भिजलेल्या लाकडाचा चॉपिंग बोर्ड करू नका.

बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या कारखान्यांतून येणाऱ्या पॅलेटवर शिक्का बघा. ‘एचटी’ म्हणजे उष्णता दिलेलं लाकूड: किडे मारण्यासाठी गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी. एमबीचं लाकूड घरात आणू नका. आणि एचटीवर विसंबून त्या फळ्या लगेच जोडूही नका. तो उपचार किडीसाठी असतो, अर्ध्या तासात लाकूड वाळत नसतं. लोक ‘ट्रीटेड आहे’ म्हणतात आणि तिथेच फसतात.

ओल मोजायचं छोटं मीटर मिळतं, घ्या. नसेल तर स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. तुकड्यावर वजन आणि तारीख लिहा, आठवड्याने पुन्हा तोला. वजन घटत असेल तोवर लाकूड वाळतंय. दोन-तीन आठवडे तेच वजन आलं की ते तुमच्या घरातल्या हवेशी जुळलं. जोडायचे सगळे तुकडे याच अवस्थेला आलेले असले की माझ्या मते अर्धी लढाई जिंकली. वस्तू करायला सगळ्यात चांगले महिने ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते डिसेंबर: तेव्हा लाकूड दोन्ही टोकांच्या मधे कुठेतरी असतं, त्याला दोन्हीकडे थोडंथोडंच जावं लागतं.

कशाचं काय करावं

इथे लोक चित्रं बघून उलट्या बाजूने सुरुवात करतात: आधी वस्तू ठरते, मग तुकडे तिच्यात बसवले जातात. मी तुकडा किती आणि कुठे हलणार ते आधी बघतो आणि वस्तू त्यावरून ठरवतो. 

लांब, अरुंद पट्ट्या हा सगळ्यात मोठा ढीग असतो. त्या एकमेकींना चिकटवून रुंद फळी करायचा मोह टाळा आणि मध्ये फट ठेवून वापरा. साबणदाणी, गरम कुकरखालची जाळी, चपलांचा रॅक, बाल्कनीतल्या कुंड्यांखालचे पाट, न्हाणीघरातली पायफळी. पट्ट्यांमध्ये दोन सुतांची फट असली की प्रत्येक पट्टी आपापली फुगते, शेजारणीला धक्का लागत नाही. जाती वेगळ्या असल्या तरी चालतात. ज्यांची प्रत्येक वस्तू फाटते त्यांना मी पहिलं काम हेच सांगतो.

त्यातल्याच ज्या पट्ट्यांची रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जाते, गाठ नाही, त्या वेगळ्या काढा. नवरात्रात सोसायटीत दांडिया लागतातच. खराद असेल तर गोल, नसेल तर रंध्याने अष्टकोनी करून पॉलिश पेपरने कडा मारा. रेषा तिरकी बाहेर पळत असेल त्या पट्टीचा दांडिया चौथ्या टाळीला तिथेच मोडतो. लाटण्यालाही हाच नियम.

प्लायच्या तुकड्यांना लोक कमी लेखतात, पण बडोद्याच्या हवेत तेच सगळ्यात शहाणे. उत्तरायणाची, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांची, फिरकी घ्या. मांजा ताणून गुंडाळला की तो दोन्ही बाजूंच्या चकत्यांना बाहेर ढकलतो. भरीव लाकडाची चकती रेषेवर उभी फाटते, ९ किंवा १२ मिलिमीटर प्लायची फाटत नाही. मधला दांडा मात्र सागाचा. गणपतीच्या मखराचा पाया, ड्रॉवरमधले कप्पे, मापाचे साचे हे सगळं प्लायचं. फक्त उघड्या कडांना गोंदाचा पातळ हात देऊन वर रंग मारा, प्लाय पाणी कडेनेच पितं. आणि अर्ध्या इंची प्लायच्या पहिल्याच तुकड्यातून गोल करवतीसाठी ढकलकाठी करा. छोटे तुकडे हाताने पात्याकडे सरकवणं हा या छंदातला सगळ्यात महाग प्रकार आहे. वीतभरापेक्षा लहान तुकडा मशीनच्या रंध्यावर घालूच नका.

मूठभर आकाराचे ठोकळे एकसंधच वापरावेत. कपाटाच्या मुठी, भिंतीवरच्या खुंट्या, दाराच्या पाचरी, मोबाईल उभा करायचं ठाणं, लहान मुलांचे ठोकळे. सांधा नाही म्हणजे सांध्याचं भांडण नाही. मुलांच्या वस्तूंना लाखेचं, म्हणजे चपड्याचं पॉलिश पुरतं. इथून जवळच्या संखेड्यात सागाच्या खरादलेल्या फर्निचरवर लाखच चढवत आलेत. चॉपिंग बोर्डला खायच्या दर्जाचं मिनरल ऑइल आणि मधमाशीचं मेण लावा. घरात शेंगदाण्याचं तेल आहे म्हणून ते चोळू नका, ते वाळत नाही, खवट होतं आणि बोर्डाला कायमचा वास लागतो. अळशीचं तेल वाळतं, पण त्याचे बोळे चुरगळून डब्यात टाकले तर आपोआप पेट घेऊ शकतात. बाहेर मोकळ्या हवेत पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

तुकड्याखाली पिवळट पिठासारखी रास दिसली तर तो भुंगा. तो बहुधा कडेच्या पांढऱ्या, कच्च्या लाकडाला लागतो कारण तिथे पिष्ट असतं. सागाच्या गडद गाभ्याला सहसा हात लावत नाही. तेव्हा पांढरी कड कापून काढणं हा उत्तम उपाय. नुसत्या भोकांत रॉकेल सोडून तुकडा पुन्हा ढिगात ठेवलात तर किडीला शेजारी मिळतात.

जुन्या रंगवलेल्या दारांच्या तुकड्यांबद्दल एक इशारा. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात किती शिसं असेल याची खात्री देता येत नाही. ते कोरडं घासू नका, विशेषतः घरात लहान मूल असेल तर. रंग उतरवण्यापेक्षा त्या तुकड्याला मागच्या अंगणातलं काम द्या. खिळे आत मोडलेले असतात, आधी चुंबक फिरवा.

होळीला सोसायटीची मुलं लाकूड मागायला येतात. बिनरंगाचं भरीव लाकूड बिनधास्त द्या. प्लाय, एमडीएफ, सनमायका लावलेलं, पॉलिश केलेलं देऊ नका, त्यातला गोंद आणि रंग धुरातून सगळ्यांच्या नाकात जातो. बंबात घालायचं असेल तरी हेच.

अडकलेला ड्रॉवर

शेवटची तक्रार ऑगस्टमध्ये येते: तुकड्यांचा ड्रॉवर किंवा डब्याचं झाकण घट्ट बसलंय, उघडत नाही. हात शिवशिवतात, पण रंधा उचलू नका. आत्ता घासून मोकळं केलं तर जानेवारीत तेच झाकण डब्यात खुळखुळेल. कडांना मेण चोळा, ड्रॉवर अर्धा उघडा ठेवून वारा लागू द्या, जिथे घासतंय तिथे पेन्सिलीने खूण करून ठेवा. ती खूण नंतर लागते. दिवाळी उलटल्यावरही त्याच जागी घासत असेल तर ते लाकूड फुगल्यामुळे नाही, मापच जास्त आहे, आणि तेव्हा खुणेपर्यंत रंधा खुशाल मारा.